सेल्फ खरखरतो, रिंगचे दाते झिजल्याची शंका आहे : सोलापुरात काम कोणत्या क्रमाने करून घ्यावे?

प्रश्न

माझा दहाचाकी, सहा सिलिंडरचा ट्रक सोलापूरच्या मार्केट यार्डातून हैदराबादला कांदा नेतो. गेल्या दोन महिन्यांपासून सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) मारला की कधी इंजिन पहिल्या झटक्यात चालू होते, तर कधी ‘खर्रर्र’ असा लोखंड घासल्याचा आवाज येतो आणि इंजिन जागचे हलत नाही. एका दुकानात सेल्फ दोनदा उघडून झाला. कार्बन, बुश आणि बेंडिक्स (पिनियन, म्हणजे सेल्फच्या टोकाचे छोटे दातेरी चाक, असलेला भाग) नवीन टाकले, तरी आठ दिवसांत आवाज पुन्हा सुरू झाला. आता तेथील मिस्त्री अख्खा नवा सेल्फ घ्या म्हणतात, तर दुसरे एक मिस्त्री फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) कडेवरील दातेरी रिंगला वेल्डिंगने दाते भरून देतो म्हणतात. भरलेली गाडी रात्री दुसऱ्या ट्रकला साखळी लावून ओढून चालू करावी लागते आणि तोवर माल अडकून पडतो. नेमका दोष कसा ओळखावा आणि खर्च एकदाच कसा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

दादा, नवा सेल्फ घेण्याची घाई करू नका. ‘कधी लागतो, कधी नाही’ हे आपले वाक्यच रिंगकडे बोट दाखवते. इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनच्या दाबामुळे ते वाटेल त्या जागी थांबत नाही. सहा सिलिंडरचे इंजिन फ्लायव्हीलच्या एका फेरीत साधारण तीनच ठिकाणी आणि चार सिलिंडरचे दोनच ठिकाणी थांबते. त्यामुळे पिनियन वर्षानुवर्षे रिंगच्या त्याच तीन पट्ट्यांवर आदळत राहते आणि तेथील दाते झिजतात, बाकीचे मात्र जवळजवळ कोरे राहतात.

खात्री घरच्या घरी करता येते. आवाज येऊन इंजिन अडले की किल्ली बंद करा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, टायरांना दगड लावा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन वीतभर फिरवा. पाना काढून पुन्हा सेल्फ मारल्यावर इंजिन निमूटपणे चालू झाले, तर दोष रिंगचा आहे. इंजिन कोणत्याही जागी असले तरी खरखर येत असेल, तर पिनियन, त्याला पुढे ढकलणारा सोलेनॉइड किंवा सेल्फचे सैल बोल्ट तपासा. आवाज घासल्याचा नसून सेल्फ नुसताच गरगरत असेल, तर बेंडिक्सचा क्लच घसरतो आहे.

त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून सेल्फ उतरवा आणि त्याच भोकातून टॉर्च मारून आत पाहा. एका दात्यावर खडूची खूण करून पूर्ण फेरी फिरवा. दोन-चार दाते पाहून निर्णय घेऊ नका. चांगल्या दात्याची कड सरळ असते, झिजलेला दाता पिनियन शिरते त्या बाजूला घासलेल्या पेन्सिलीसारखा निमुळता आणि चकचकीत दिसतो.

वेल्डिंगला माझा स्पष्ट विरोध आहे. भरलेल्या दात्याचा आकार हाताने घासून नेमका येत नाही, शेजारच्या दात्यांचे पाणी (कडकपणा) उतरते आणि तुटलेला तुकडा नव्या पिनियनचाही घात करतो. रिंग आणि पिनियन जोडीनेच बदला, कारण जुन्या रिंगवर नवे पिनियन आठ दिवसांत झिजते. आपल्या बाबतीत बहुधा हेच घडले आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे, पण बॅटरी विसरू नये. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना व्होल्टेज १९ च्या खाली जात असेल, तर सोलेनॉइड पिनियनला पुरेसे पुढे ढकलून धरत नाही आणि ते दात्यांच्या टोकावर घासते. चासीची अर्थिंग पट्टी सोडून, पॉलिश कागदाने घासून घट्ट आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय पुन्हा किल्ली फिरवू नका.

तिसरा प्रतिसाद

आमच्या भागात रिंग काढून उलटी बसवतात, म्हणजे दात्यांची न झिजलेली बाजू पिनियनकडे येते. खर्च वाचतो.

पहिला प्रतिसाद देणारे पुन्हा

काका, ती युक्ती मी स्वतः केली आहे आणि अडचणीच्या वेळी ती चालते. मात्र पिनियन सहज शिरावे म्हणून दात्यांना एका बाजूला उतार दिलेला असतो. रिंग उलटवली की तो उतार नव्या बाजूला पुन्हा काढावा लागतो. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी तर दोन्ही वेळी तेवढीच पडते. म्हणून नवीच रिंग घ्यावी, आणि घेताना जुन्या रिंगचे दाते मोजून घ्यावेत.

रिंग बसवणाऱ्या लेथवाल्यासमोर आपण स्वतः उभे राहा. रिंगवर एक जागा पॉलिश कागदाने चकचकीत करून मगच ती सगळीकडून सारखी तापवावी. त्या जागेवर फिकट पिवळा रंग आला, म्हणजे साधारण २२० अंशांच्या आसपास, की लगेच फ्लायव्हीलवर टाकून ठोकून खालपर्यंत बसवावी. निळा रंग चढला तर ताप जास्त झाला आणि दाते मऊ पडले, असे समजावे. ती आपोआप थंड होऊ द्यावी, पाणी ओतू नये. गिअरबॉक्स खाली आहेच, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील त्याच दिवशी पाहून घ्यावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. पाना लावून इंजिन फिरवून पाहिले. लगेच चालू झाले. सेल्फ उतरवून खडूची खूण केली, तेव्हा बरोबर तीन ठिकाणी पाच-सहा दाते निमुळते निघाले. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका लेथवाल्याकडे नवी रिंग बसवून घेतली आणि पिवळा रंग स्वतः पाहिला. ऑइल सीलही गळत होते, तेही बदलले. काल रात्री भरलेली गाडी यार्डातून पहिल्या सेल्फला निघाली.