मदत हवी आहे: ही गुळवेलच आहे ना?

सांधे सुजतात म्हणून आईने परसातल्या वेलीचा काढा सुरू केला. पानं बदामाच्या आकाराची आहेत, पण खोडावर चामखिळीसारखे उंचवटे आणि कापलं की दुधासारखा चीक. गुळवेलीची साल तर कागदासारखी सुटते ना? तिच्यातलं बर्बेरिन हे द्रव्य सूज उतरवतं, विषाणूंनाही रोखतं म्हणतात; ते बहुतेक प्रयोगशाळेतलं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले ६ रुग्ण नोंदवले, तर आयुष मंत्रालयाने तशाच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या वेलीपासून सावध केलं. काढा बंद केलाय (आई रुसलीय). वेल खात्रीने कोण ओळखून देईल? नमुन्यात फूलही लागतं का? महिनाभर प्यायलीय, यकृताची रक्ततपासणी लगेच करावी का?