मधुमेह आहे आणि बाबांना निसर्गोपचाराला जायचंय. गोळ्यांचं काय करावं?

मंडळी, सल्ला हवा आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे, आम्ही नाशिकजवळ राहतो. मधुमेह जुना. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दोन वेळा, शिवाय बीपीची एक. शेवटचं एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ७.६ होतं, म्हणजे अगदी हाताबाहेर नाही. काळजी वेगळीच आहे. निवृत्तीनंतर ते जरा शांत झालेच होते, पण मागच्या वर्षी त्यांचे जिवलग मित्र गेले आणि माणूस मिटूनच गेला. पहाटे तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा नाही. पेपरची घडीसुद्धा मोडत नाहीत. भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, तो कोपऱ्यात पडून आहे. मानसोपचाराचं नाव काढलं की "मी वेडा झालोय का?" असं म्हणून विषय संपवतात.

आमच्या आत्याच्या यजमानांना उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात जाऊन फरक पडला. वजन उतरलं, झोप लागायला लागली. तेव्हापासून बाबांनीही तोच ध्यास घेतलाय. कित्येक महिन्यांनी त्यांना आपणहून काही करावंसं वाटतंय, त्यामुळे मला मोडता घालायचा नाहीये. पण त्यांच्या डोक्यात असं आहे की तिथे पाऊल टाकलं की गोळ्या बंद आणि फक्त रसाहार. घरी तर तयारीही सुरू झाली! सकाळी कारल्याचा रस, रात्री दुधातून अश्वगंधा. परवा जेवणाला उशीर झाला तर दरदरून घाम, हात थरथरायला लागले. साखरपाणी दिल्यावर थोड्या वेळात ठीक झाले. वर म्हणतात, "विषद्रव्यं बाहेर पडतायत."

मधुमेह असताना कोणी असे उपचार घेतलेत का? आणि मनाचं जे चाललंय, त्याला यातून खरंच उतार पडतो का?

– गोदाकाठ

नीलमोहर: विषद्रव्यं वगैरे काही नाही हो, ती साखर उतरल्याची लक्षणं वाटतात. मी औषधांच्या दुकानात असते, हे बरेचदा ऐकते. मेटफॉर्मिन एकटं सहसा साखर फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. त्यात कारल्याचा रस म्हणजे भर. अश्वगंधेनेही साखर आणि बीपी दोन्ही उतरू शकतात. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रस आणि चूर्ण आजच थांबवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. ग्लुकोमीटर घरात हवाच. पुन्हा असं झालं तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

उंबरठा: आईला घेऊन गेले होते मी उरुळीला. गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेलं आणि मणिभाई देसाईंनी वाढवलेलं ठिकाण, म्हणून आईची आधीपासूनच श्रद्धा! पोटावर मातीपट्टी, कटिस्नान, मसाज, उकडलेल्या भाज्या. आईला खूप बरं वाटलं. माझं प्रामाणिक मत सांगू? मातीइतकंच श्रेय वेळेवर झोपण्याला, चालण्याला आणि जेवताना शेजारी बोलायला माणूस असण्याला आहे. घरी आल्यावर परत एकटं जेवण आणि रात्री अकरापर्यंत टीव्ही, मग महिन्याभरात सगळं होतं तसं. तुम्ही जाच, पण निघण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या: आहार कमी झाला तर कुठली गोळी किती कमी करायची. तिथेही पहिल्याच भेटीत सगळ्या गोळ्या दाखवा. नुसत्या रसावर राहायचं असेल तर आधी डॉक्टरांचा स्पष्ट होकार हवा. फळांच्या रसाने साखर चढते आणि मग उतरतेही, तेव्हा मधुमेह्याला रसाहार वाटतो तितका साधा नाही.

तिरपागडे: एक मुद्दा राहिला. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यात शाकाहारी असतील तर विचारूच नका. थकवा, पायाला मुंग्या, उदासपणा, सगळं त्यातून येऊ शकतं. बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. बाबांना 'मन' नको असेल तर 'रक्त' चालेल. 😀

तरीही पहाटेची जाग आणि आवडीच्या गोष्टी सुटणं हे नैराश्याचं नेहमीचं रूप आहे, त्याला नुसती माती पुरेल असं मला वाटत नाही. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात. आधी तुम्हीच फोन करून बघा. बाकी घरच्या घरी: सकाळचं ऊन, जेवल्यावर थोडं चालणं, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, संध्याकाळनंतर चहा नाही. प्राणायाम हळू अनुलोम-विलोमाने सुरू करा. बीपी असताना टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती नको. आणि भजनी मंडळातल्या कोणाला तरी घरी न्यायला पाठवा. 'जा' म्हटल्याने जाणार नाहीत, 'पखवाजाला माणूस नाही' म्हटल्यावर कदाचित जातील.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. रस बंद केला, त्यावरून जरा वादावादी झाली. 'उरुळीला जायचं तर तिथले डॉक्टर रिपोर्ट मागतीलच' असं सांगितल्यावर रक्त द्यायला तयार झालेत. गोळीबद्दलही त्याच भेटीत विचारतो. बी१२ची गोळी आत्तापासून सुरू करू का?

नीलमोहर: नको. आधी रक्त देऊ दे, नाहीतर आकडा फसवा येतो. कमी आलंच तर इंजेक्शन की गोळी ते डॉक्टर ठरवतील.