पोरं वळणारा कुत्रा: तुमच्याही घरी होता का?

दौंडकर_सुमेधा
काल सोसायटीच्या बागेत पोरांची पकडापकडी चालली होती. नव्या बिऱ्हाडाची बॉर्डर कॉली (मेंढ्या वळणारी कुत्र्याची जात), वय आठ महिने, पट्टा सोडवून मध्ये घुसली. भुंकणं नाही, चावणं नाही. पोट जमिनीला लावून, नजर रोखून, नुसती गोल गोल फिरत राहिली. दोन मिनिटांत पाचही पोरं घसरगुंडीपाशी गोळा! एक आजी किंचाळल्या, पोरं मात्र खिदळत होती. मला आमचा राजा आठवला.

साल १९८६, रेल्वे क्वार्टर. तेव्हा जर्मन शेफर्ड कोणी म्हणत नसे, अल्सेशियन म्हणायचे. भाऊ दीड वर्षाचा, नुकता पाय फुटलेला, आणि फाटकापलीकडे लाइन. तो फाटकाकडे निघाला की राजा आडवा उभा. भाऊ त्याच्या पोटावर दोन्ही हातांनी बडवायचा, हा ढिम्म. बाजूने निसटलाच तर मागून चड्डीची इलॅस्टिक पकडून बसकण मारायची. आमच्या घरात धडकी चड्डी नव्हती. सगळ्यांना मागे, डाव्या बाजूला, चार-चार भोकं. आई रफू करायची आणि तेच घालून भाऊ बालवाडीत जायचा.

तुमचे अनुभव लिहा ना.

चकलीचं_पीठ
आमची कॉर्गी. ताई, तुमचा राजा संत होता. आमची घोटे धरायची. मुलगा तीन वर्षांचा, हॉलभर किंचाळत पळत होता, हिने टाचेला दात लावला. थोडंसंच, पण रक्त आलं. सासूबाई मिरचीपूड घेऊन धावल्या, मी त्यांच्या हातातून डबी हिसकावली (त्यावरून आठ दिवस अबोला, तो वेगळा धागा होईल). साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली पाय धरला आणि तडक डॉक्टर. कुत्रीचं लसीकरण झालेलं होतं, तरी मुलाला इंजेक्शनं दिलीच. ०, ३, ७, १४, २८ असे दिवस फ्रिजवर लिहून ठेवले होते.

डॉक्टरांनीच सांगितलं, या वेल्समधल्या जातीचं कामच गायींच्या घोट्याला चावून त्यांना पुढे काढायचं. पाय आखूड, म्हणजे लाथ डोक्यावरून जाते. आमचा लेक तिच्या हिशेबात हट्टी वासरू.

पेन्शनर_काका
आमच्या हिच्यातही हे गुण आहेत. जेवायची वेळ झाली की अख्खं घर एका खोलीत.

चकलीचं_पीठ
काका 😂 काकूंना दाखवू का?

घाटाखालचा
पोलादपूरकडचा मी. दिवाळी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली उतरायचे. शेतात मेंढरं बसवायची, लेंडीचं खत मिळायचं, बदल्यात त्यांना भात. वाड्यावर, म्हणजे त्यांच्या मुक्कामावर, तीन-चार कुत्रे असत. पण एक सांगतो, ते मेंढरं वळत नाहीत, राखतात. वळायला माणूस आणि त्याची हाळी. कुत्रा रात्री लांडग्यासाठी.
पोर झोळीत, झोळी झाडाला, आणि खाली कुत्रा. एकदा आजीने मला दूध आणायला धाडलं. झोळीतलं पोर रडत होतं म्हणून मी झोका द्यायला हात पुढे केला. कुत्रा उठलासुद्धा नाही, फक्त ओठ वर केला. चरवी तिथेच टाकून पळालो. संध्याकाळी धनगरीणच ती दुधाने भरून घेऊन आली, वर हसून आजीला सगळं सांगितलं. घरात अजून मला त्यावरून चिडवतात.

दौंडकर_सुमेधा
@घाटाखालचा वा! झोळीखालचा कुत्रा डोळ्यांसमोर आला.

मेलबर्नची_माई
भांडी घासता घासता लिहितेय, चुका चालवून घ्या. आमच्याकडे केल्पी आहे, आधी मेंढ्यांच्या फार्मवर होती. मेंढ्या दाटीने उभ्या असल्या की केल्पी त्यांच्या पाठींवरून धावत पलीकडे जाते, खरंच. लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला नऊ पोरं अंगणात. केक घेऊन बाहेर आले तर नऊच्या नऊ कुंपणाच्या कोपऱ्यात, आणि ही समोर बसलेली, जीभ बाहेर, आता फाटक कोण उघडतंय असा चेहरा. एक मुलगा मात्र घाबरून रडत होता. त्याच्या आईची माफी मागितली. तेव्हापासून पार्टी असली की ती आत, चघळायला हाड देऊन.

नुसता_वाचक
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. दिवसभर रानात धावायला घडवलेली ही जनावरं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोंडायची, वीस मिनिटं फिरवायचं, आणि मग पोरांच्या मागे लागतो म्हणून तक्रार. काम दिलं नाही तर तो स्वतः शोधणारच, आणि घरात पळणारं असतं कोण? पोरंच. आमच्या शेजाऱ्यांचा दुचाकींच्या चाकांमागे लागायचा.

चकलीचं_पीठ
पटलं. आम्ही रोज सकाळी चेंडू सुरू केला, शिवाय मुलाला शिकवलं, ती मागे लागली की झाड होऊन उभं राहायचं. पळणं थांबलं की तिचा रस संपतो. आता तो अभ्यासाला बोलावलं तरी झाड होतो.

अदिती_बाळाची_आई
बाळ सात महिन्यांचं, नवरा जर्मन शेफर्ड आणायचं म्हणतोय. केस किती गळतात?

मेलबर्नची_माई
अगं, केसांचं सोड, आधी रांगणारं बाळ आणि पिल्लू दोघांची शी-शू काढायला कोण आहे ते नवऱ्याला विचार. आणि कितीही गुणी असला तरी बाळाला त्याच्यापाशी एकटं सोडायचं नाही.

दौंडकर_सुमेधा
केस ढिगाने. आई गादीवरून ओला हात फिरवायची.

पेन्शनर_काका
गालिच्यावरून रबरी वायपर ओढा. उशी भरेल एवढे निघतात.

अदिती_बाळाची_आई
वायपर म्हणजे बाथरूमचा?

पेन्शनर_काका
तोच. पण वेगळा घ्या. आमच्याकडे एकच होता, त्यावरून हिने मलाच कोपऱ्यात उभं केलं होतं.