तुरुंगात वाढणारी पिल्ले आणि निरोपाचा दिवस

सांजवारा (प्रश्न):
न्यूयॉर्क राज्यात बेडफर्ड हिल्स हा स्त्रियांचा कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग आहे. तेथे १९९७ पासून 'पपीज बिहाइंड बार्स' ही संस्था बंदिवान स्त्रियांकडून कुत्र्यांची पिल्ले वाढवून घेते. साधारण आठ आठवड्यांचे पिल्लू थेट कोठडीत राहायला येते आणि शिकून तयार झाले की कायमचे निघून जाते. सुरुवातीला ही पिल्ले अंधांचे मार्गदर्शक म्हणून तयार होत. पुढे स्फोटके हुंगणारे कुत्रे आणि जखमी माजी सैनिकांचे मदतनीसही तेथून घडले. माझी शंका अशी, की जिच्या आयुष्यातून माणसे आधीच दुरावली आहेत, तिला लळा लावून ते पिल्लूही काढून घेणे हा उपचार म्हणायचा का? आणि यातून पुनर्वसन होते, हे कशावरून ठरवायचे?

माळरान:
आधी दुसऱ्या शंकेविषयी लिहितो. ओहायोतील लायमा येथे मनोरुग्ण गुन्हेगारांसाठीचे रुग्णालय होते. तेथे १९७५ च्या सुमारास कोणाशीही न बोलणारे रुग्ण एका जखमी पाखराची मिळून काळजी घेताना दिसले, आणि त्यावरून एका कक्षात प्राणी ठेवण्यात आले. प्राणी नसलेल्या कक्षाशी तुलना केली तेव्हा तेथे औषधे निम्मीच लागत होती आणि हाणामाऱ्याही कमी झाल्या होत्या. मला हा अनुभव फार मोलाचा वाटतो. मात्र 'कुत्रा सांभाळणारे कैदी पुन्हा गुन्हा करत नाहीत' अशी विधाने जपून स्वीकारावीत, कारण अशा उपक्रमांत मुळातच चांगल्या वर्तनाचे कैदी निवडले जातात आणि निवडीचा परिणाम कोणता व कुत्र्याचा कोणता, हे वेगळे काढणे अवघड असते.

कौलारू:
मी अनेक वर्षे पाळीव कुत्र्यांना शिकवते, म्हणून निरोपाविषयी लिहिते. पिल्लू कधीतरी जाणार, हे त्या स्त्रीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, आणि ते कोणासाठी घडवायचे हेही ठाऊक असते. रात्री उठून त्याला बाहेर न्यायचे, त्याने चूक केली तरी आवाज चढवायचा नाही, एकच आज्ञा शंभरदा त्याच सुरात द्यायची, हे सारे ती एका अनोळखी माणसासाठी करते. निरोपाचे दुःख खरेच होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडून काही हिरावून नेले जाणे आणि आपण घडवलेले कोणाला तरी देणे, यांत मला फार मोठे अंतर दिसते.

सांजवारा:
दोघांचेही आभार. पिल्लांची बाजू मात्र राहिलीच. तुरुंगात दाराची घंटा नाही, रहदारी नाही, लहान मुले नाहीत. मग बाहेरच्या जगात ती बुजत नाहीत का?

कौलारू:
म्हणूनच स्वयंसेवक त्यांना अधूनमधून शहरात घरी नेतात, रस्ते, गर्दी, स्वयंपाकघरातील आवाज यांची सवय लावतात आणि परत आणून सोडतात.

माळरान:
सुटकेनंतरचेही सांगतो. वॉशिंग्टन राज्यातील स्त्रियांच्या तुरुंगात सिस्टर पॉलीन क्विन यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये असा उपक्रम सुरू झाला. तेथे बंदिवान स्त्रिया बाहेरच्या लोकांची कुत्री-मांजरे मुक्कामाला ठेवून घेतात, त्यांना आंघोळ घालतात, केस कापतात आणि या कामाचे प्रमाणपत्रही मिळवू शकतात. बाहेर पडल्यावर काम मागायला जाताना ते हातात असते.