प्लगिनमधलं फाइल इन्क्लूजन आणि 'अपडेट का नाही केलंत' हा कायमचा प्रश्न

खटपट्या:
मागच्या महिन्यात ओळखीच्या एकांची साइट साफ करून दिली. पासवर्ड चांगला लांबलचक, सीएमएस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर, इथे वर्डप्रेस) ताजं, बॅकअप होता, तरी घुसलेच. वाट कुठली तर एक फुटकळ गॅलरी प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर. त्यात टेम्प्लेटचं नाव यूआरएलमधून यायचं आणि जसंच्या तसं पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) 'इन्क्लूड'ला, म्हणजे दुसरी फाइल आत ओढणाऱ्या आज्ञेला, जायचं. झालं, दोन टिंबं-स्लॅश, दोन टिंबं-स्लॅश करत फोल्डरच्या बाहेर चढत जा आणि हवी ती फाइल उघड. आता सगळे त्या बिचाऱ्यालाच विचारतायत की अपडेट का नाही केलं. अहो अपडेट आलंच नव्हतं! प्लगिन वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतून, म्हणजे अधिकृत प्लगिन-यादीतून, कधीच काढून टाकलेलं, डॅशबोर्डवर एका ओळीची सूचना नाही. माझ्या मते दोष आधी प्लगिन लिहिणाऱ्याचा, मग डिरेक्टरीवाल्यांचा, साइटवाल्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

रात्रपाळी:
साफ असहमत. मी स्वतः एक फुकट प्लगिन सांभाळतो, नोकरी करून रात्री जागून. वापरणारा चाळीस प्लगिनं टाकतो, त्यातली निम्मी 'डीअ‍ॅक्टिव्हेट' करून ठेवतो आणि समजतो की विषय संपला. फाइल सर्व्हरवरच असते ना भाऊ. २०१६ चं मेल मास्टा नावाचं प्लगिन आठवतंय का, त्यातल्या एका फाइलला थेट यूआरएलने हाक मारायची, यूआरएलच्या शेवटी 'पीएल' नावाच्या पॅरामीटरमध्ये हव्या त्या फाइलचा पाथ (पत्ता) द्यायचा, आणि ती बिनदिक्कत इन्क्लूड करायची. असल्या फाइलला प्लगिन चालू आहे का बंद याच्याशी देणंघेणंच नसतं. तिथे डिलीट न करणाऱ्याचा दोष नाही?

जुना_पापी:
उगाच बाऊ करताय दोघं. दुसऱ्याच्या सर्व्हरवरची फाइल ओढून चालवायचे दिवस गेले, त्यासाठी लागणारी 'अलाऊ यूआरएल इन्क्लूड' ही सेटिंग पीएचपी ५.२ पासून, म्हणजे २००६ पासून, डीफॉल्टला बंदच आहे आणि ७.४ मध्ये तर ते मोडीतच काढायला घेतलं. उरलं काय, लोकल फाइल वाचणं. वाचू देत की.

अर्धविराम:
'वाचू देत की' 😀 इन्क्लूड नुसतं वाचत नाही हो, आत पीएचपी सापडलं तर चालवतं, मग फाइलचं एक्स्टेन्शन काहीही असो. हल्लेखोर ब्राउझरच्या नावाच्या जागी पीएचपी कोड पाठवतो, तो गुपचूप अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (साइटवर कोण आलं-गेलं त्याची नोंदवही) जाऊन बसतो, मग तोच लॉग इन्क्लूड करायचा (वेब सर्व्हरला लॉग वाचायची परवानगी असली तर, आणि काही ठिकाणी असते). लॉग नाही मिळाला तर सेशनची (पाहुण्याची तात्पुरती माहिती ठेवणारी) फाइल, नाहीतर अपलोड केलेला फोटो. आणि पाथची सुरुवातच बाहेरून येत असेल तर पीएचपीचा फिल्टर रॅपर (फाइल वाचतानाच तिचं रूप बदलणारी सोय) लावून कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, न चालवता बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या सांकेतिक रूपात) बाहेर काढता येते, ते 'अलाऊ यूआरएल इन्क्लूड' बंद असलं तरी चालतं. वर्डप्रेसच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो, लॉगिन कुकीवर सही करायच्या किल्ल्या असतात. घर उघडं टाकून वर किल्लीही दारातच ठेवल्यासारखं.

जुना_पापी:
ठीक, लॉगचं मान्य. पण मग होस्टिंगवाले काय करतात? 'ओपन बेसडिर' ही पीएचपीची सेटिंग लावली की साइटच्या फोल्डरबाहेर जाताच येत नाही.

अर्धविराम:
कॉन्फिग आणि अपलोड्स साइटच्या फोल्डरातच असतात बहुतेक वेळा. बाहेरचं सुरक्षित राहील, आतलं काय?

खटपट्या:
@रात्रपाळी, रात्री जागून लिहिता म्हणून मान आहेच, पण बाहेरून आलेलं नाव इन्क्लूडला द्यायचं नाही हे काही नवीन संशोधन नाही. चार टेम्प्लेटं असतील तर चार नावांची यादी ठेवा, यादीत नसलं तर डीफॉल्ट दाखवा, पाच ओळींचं काम. लोक काय करतात, टिंबं-टिंबं-स्लॅश शोधून पुसून टाकतात आणि वाटतं झालं सेफ. चार टिंबं आणि दोन स्लॅश पाठवले की मधलं पुसलं जातं आणि कडेचं जुळून पुन्हा तेच तयार! आणि ऑटो-अपडेटचं म्हणाल तर वर्डप्रेस ५.५ मध्ये, २०२० साली, प्लगिनांसाठी ती सोय आली, छानच आहे, पण ज्याला वालीच उरला नाही त्या प्लगिनला अपडेट कोण पाठवणार? म्हणून म्हणतो, काढून टाकलेल्या प्लगिनची लाल पट्टी डॅशबोर्डवर यायलाच हवी.

रात्रपाळी:
लाल पट्टीला विरोध आहे माझा. प्लगिन बंद झालं हे जाहीर होतं त्याच दिवशी बॉट (आपोआप फिरणारे हल्लेखोरांचे प्रोग्राम) ते शोधत फिरायला लागतात, आणि पट्टी बघून हात हलवणारे किती? निम्मे तर महिनोन्महिने लॉगिनच करत नाहीत.

खटपट्या:
बॉटना आधीच कळलेलं असतं हो. कळत नाही ते फक्त मालकाला.

रात्रपाळी:
बरं, एक कबुली. आत्ता माझंच जुनं प्लगिन उघडून बघितलं, लेआउट पॅरामीटर. पुसून टाकायचीच पद्धत वापरलीये, २०१३ मध्ये लिहिलेलं. आज रात्री यादी टाकून नवीन व्हर्जन सोडतो. पण ते बंद करून ठेवलेले वीस डिलीट करायला सांगा तुमच्या ओळखीच्यांना, तो मुद्दा मी सोडलेला नाही.