आजीच्या ट्रंकेतलं पत्र : ही ‘बाळी’ कोण?

मेघना_सातारा : आजीची ट्रंक आवरताना एक आंतर्देशीय पत्र सापडलं. पुण्याहून आलेलं, तारखेवरची शाई उडालेली. ‘पुरात भांडीकुंडी गेली. मशीन वरच्या बिऱ्हाडात नेलं म्हणून वाचलं. मनिऑर्डर पोचली.’ खाली नुसतं ‘बाळी’. बाबा म्हणतात, आपल्यात बाळी कोणी नाही.

वसंतकाका : पुण्याचा पूर म्हणजे पानशेतचा असणार, १२ जुलै १९६१. छापील तिकिटाची किंमत नये पैशांत आहे का? ते १९५७ ते ६४ एवढंच चाललं. आणि मायना काय?

मेघना_सातारा : हो काका, नये पैसेच! मायना ‘ती. सौ. वहिनीस शि. सा. नमस्कार’.

नंदिनी_प : मग आजोबांची बहीण. सख्खी नसेल तर चुलत, आते, मावस. आणि बाबांना काय विचारतेस, पुरुषांना बायकांची सासरची नावं तेवढी ठाऊक! घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला गाठ. कुलवृत्तान्त, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, असेल तर माहेरवाशिणींची पानंही चाळ.

मेघना_सातारा : सापडली! बाबांच्या आत्याने फोनवर ‘बाळी’ म्हणताच हुंकार भरला. आजोबांची मावसबहीण, नारायण पेठेत राहायची, नवरा लवकर गेला, ब्लाउज शिवून दोन पोरं वाढवली. मशीन आजीनेच घेऊन दिलेलं, आजोबांच्या नकळत. आता बाबांचं एकच टुमणं, आईने पैसे आणले कुठून?

वसंतकाका : भिशी. दुसरं काय!