गार्ड काढलेला ग्राइंडर आणि गच्चीवरची टाकी : घरच्या कामातले तुमचे अनुभव सांगा

धागा काढायचं कारण आमची पाण्याची टाकी. नाशिकच्या इंदिरानगरातल्या घराच्या गच्चीवर कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड करत होतो. कोपऱ्यात चाक पोहोचेना म्हणून 4 इंची ग्राइंडरचा गार्ड (चाकावरचं संरक्षक झाकण) मीच काढून ठेवलेला. अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) दोन्ही टोकांना विटांवर टेकवून मधे कापत होतो. काप संपत आला तसा अँगल मधे खचला, फट मिटली, चाक चिमटलं आणि ग्राइंडर हातातून उसळला. चाक फुटलं. एक तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन टाकीत घुसला. नंतर हिशेब केला : मिनिटाला 11000 फेरे म्हणजे चाकाची कड ताशी 200 किलोमीटरच्या वेगाने पळत होती. आता कापून पडणारा तुकडा मोकळा लोंबता ठेवतो, म्हणजे फट मिटत नाही, उघडते.

तुमचंही सांगा. लाज वाटेल असं असेल तर आधी सांगा.

सातपूर, निवृत्त फिटर

कारखान्यात गॉगल नसला की साहेब मशीनला हात लावू देत नसत. मीही पोरांना तेच शिकवलं. घरी गेटची गंजलेली जाळी घासताना मात्र म्हटलं, डोळ्यावर नंबराचा चष्मा आहेच की! कण बाजूने आला. रात्रभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत होतं आणि मी चोळत बसलो. चोळायचं नसतं, हेही मला माहीत होतं. सकाळी डॉक्टरांनी कण काढला, पण तेवढ्यात बुबुळावर गंजाचं कडं उठलेलं. ते खरवडायला पुन्हा जावं लागलं.

आणखी एक. ड्रिल चालवताना सुती हातमोजे घालू नका. धागा बिटला अडकला की बोटासकट गुंडाळतो. हे मी दुसऱ्याच्या हातावर पाहिलंय, जास्त लिहीत नाही.

पाथर्डी फाटा, फ्लॅटमध्ये राहणारी

फोटोफ्रेम लावायची होती. स्विचबोर्डच्या बरोबर वर, सरळ रेषेत, मस्त मधोमध भोक पाडलं. फट्ट! अर्ध्या घराचे दिवे गेले. इलेक्ट्रिशियन दादा भिंतीकडे बघून म्हणाले, "ताई, बोर्डात वायर येते कुठून? वरूनच ना?" तेव्हापासून बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक नाही. त्या खोलीची लाइन बंद करते आणि ड्रिल दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन ओढून चालवते. त्यांनीच समजावलं की एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लागतो. आमच्याकडे नव्हताच. फ्रेमपेक्षा तो महाग पडला, पण बसवला.

पंचवटी

आमचा जुना वाडा उतरवला तेव्हा सागवानी दरवाजा टेबलासाठी ठेवून घेतला. मार्बल कटरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून फाडायला बसलो (सगळे सुतार हेच करतात, हे माझं समर्थन). आत माथा मोडलेला खिळा निघाला. ब्लेडचे दोन दात उडाले, कटर मागे माझ्या मांडीकडे सरकला. जीन्स जाड होती. आता जुन्या लाकडावर आधी स्पीकरमधला लोहचुंबक फिरवतो. ते ब्लेड ग्राइंडरला लावणाऱ्या मित्राशी मात्र माझं अजून भांडण चालू आहे. ग्राइंडरवर दातेरी ब्लेड, आणि तेही एका हाताने!

सिडको

गणपतीचं मखर, प्लायवूड, जिगसॉ (नक्षी कापायची विजेवरची करवत). स्वतःचीच केबल कापली. मंडळातली पोरं अजून हसतात.

मखमलाबाद, द्राक्षबाग

द्राक्षवेलींच्या मंडपाचे जुने अँगल शेडमध्ये ग्राइंडरने कापले, जेवायला गेलो. ठिणग्या विझल्या असंच वाटत होतं. परत येतो तर कोपऱ्यातली रिकामी पोती धुमसत होती. ज्वाळा नाही, नुसता धूर. बरं झालं, फवारणीचा टँक भरलेला होता. आता काम संपल्यावर अर्धा तास तिथंच बसतो, शेजारी पाण्याची बादली. चहा तिथंच मागवतो.

सातपूर, निवृत्त फिटर

धागाकर्ते, टाकीचं कळलं. गार्ड परत बसवलात का?

धागाकर्ता

काका, टाकी बदलली. गार्ड आठवडाभर सापडत नव्हता. काल बायकोने तुळशीची कुंडी उचलली, तर खाली तोच. तिला वाटलं, डुगडुगणाऱ्या कुंडीला टेकू म्हणून मीच ठेवलाय.